रिसेप्टर म्हातारा होतो का?

प्रश्न : माझं वय ६२. खाणं पूर्वीइतकंच आहे, तरी साखर वाढत चाललीय. डॉक्टर म्हणाले, ‘इन्सुलिन भरपूर आहे, पेशी दाद देत नाहीत.’ म्हणजे रिसेप्टर कमी झालेत का?

उत्तर : मुख्य भानगड बहुधा तिथे नसते. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात रोवलेलं प्रथिन, एक टोक बाहेर, दुसरं आत. बाहेर इन्सुलिन चिकटलं की आतलं टोक शेजारच्या प्रथिनांना फॉस्फेट जोडतं आणि निरोप हातोहात पुढे सरकतो. शेवटी ‘ग्लूट-४’ नावाचे ग्लुकोजवाहक पेशीच्या पोटातून पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात.

उतारवयात घोळ होतो तो या मधल्या साखळीत. स्नायूंच्या पेशींत साचलेली चरबी आणि शरीरात धुमसणारा सौम्य दाह यांमुळे ‘आयआरएस-१’ या साखळीतल्या पहिल्याच प्रथिनावर भलत्या जागी फॉस्फेट बसतं. निरोप दारापर्यंत येतो, घरात पोचत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. ते सतत भोवती राहिलं की पेशी काही रिसेप्टर आत ओढून घेते. म्हणजे रिसेप्टर कमी होतातही, पण बरेचदा परिणाम म्हणून. त्यात वयानुसार स्नायू घटतात, आणि जेवणानंतरची साखर साठवणारी मोठी कोठी तीच.

प्रश्न : इन्सुलिनचा रिसेप्टर बिघडलेले कृमी दुप्पट जगतात, असं वाचलं. मग इन्सुलिन रेझिस्टन्स (पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं) आला तर बिघडलं कुठे?

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, कारण वरवर पाहता तर्क बिनतोड आहे. १९९३ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ सिंथिया केनियन यांच्या गटाने दाखवलं, की ‘डॅफ-२’ जनुकात बदल झालेला सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी दुपटीहून जास्त जगतो. हे जनुक आपल्या इन्सुलिन आणि आयजीएफ-१ (वाढीच्या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर बनणारं, इन्सुलिनसारखं संप्रेरक) यांच्या रिसेप्टरांचं भावंड आहे, हे १९९७ मध्ये उलगडलं. मात्र आयुष्य वाढायला ‘डॅफ-१६’ हे दुसरं जनुक शाबूत लागतं. इन्सुलिनचा निरोप मंद झाला की डॅफ-१६ चं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि डागडुजीची, ताण सोसण्याची जनुकं चालू करतं. आपल्यात त्याचे नातलग ‘फॉक्सओ’ नावाने ओळखले जातात.

आता माणसाकडे या. इक्वेडोरमध्ये लारॉन सिंड्रोम असलेली कुटुंबं आहेत. त्यांचा वाढीच्या संप्रेरकाचा रिसेप्टर जन्मतः निकामी असतो, म्हणून उंची खुंटते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ९९ जणांत मधुमेह एकालाही आढळला नाही आणि कर्करोग फक्त एकाला. अनेक जण लठ्ठ होते, तरीही! (ते इतरांपेक्षा जास्त जगतात असं मात्र दिसलेलं नाही.) त्यांच्या रक्तात इन्सुलिन कमी असतं आणि पेशी त्याला चटकन दाद देतात.

तुम्ही म्हणता त्या रेझिस्टन्समध्ये नेमकं उलटं असतं. इन्सुलिन ओरडत असतं आणि सगळ्याच पेशी सारख्या बहिऱ्या नसतात. यकृत ‘साखर बनवणं थांबव’ हा हुकूम धुडकावतं, पण ‘चरबी बनव’ हा मात्र इमानेइतबारे पाळतं. म्हणून साखर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, जोडीने चढतात. कृमीच्या शांततेशी याचा काही संबंध नाही.

प्रश्न : चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो ना?

उत्तर : नाही. २०२१ मध्ये ६,४०० हून अधिक लोकांची मोजमापं एकत्र मांडली गेली. शरीराचं आकारमान आणि घडण हिशेबात धरली, तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो. नंतर तो वर्षाला साधारण ०.७ टक्क्यांनी उतरतो. चाळिशीतल्या पोटाचं कारण दुसरीकडे शोधा.

प्रश्न : रिसेप्टरच ऐकत नसेल, तर चालण्याने साखर उतरते कशी?

उत्तर : मागच्या दाराने. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा इन्सुलिनचा निरोप नसतानाही ग्लूट-४ पृष्ठभागावर येतो. ही वाट म्हातारपणीही बऱ्यापैकी उघडी असते. शिवाय व्यायामानंतर दिवसभर, कधी दोन दिवस, तोच स्नायू इन्सुलिनलाही जास्त दाद देतो. २००२ मधल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आहार-व्यायामामुळे नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीमुळे ३१ टक्क्यांनी. साठीपुढच्या गटात तर आहार-व्यायामाचा आकडा ७१ वर गेला. इन्सुलिन किंवा त्याचा स्राव वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करा आणि पहिले काही दिवस चालण्याआधी-नंतर साखर मोजा. ती नको इतकी खाली जाऊ शकते.