वाचकांचे प्रश्न : सुरी धरणारा हात

प्रश्न : चिकन प्रोसेसिंगच्या कारखान्यात मी तंगड्यांची हाडं काढायच्या लाइनवर आहे. रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. सुपरवायझर म्हणतात, बाम चोळा. काय करू?

उत्तर : बामानं हे जाणार नाही. आधी बघा, बधिर होतात ती बोटं कोणती? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, पण करंगळी मोकळी असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची दाट शक्यता आहे. कार्पल टनेल म्हणतात तो हाच त्रास. मनगट मुडपून, जोर लावून पाळीभर तोच काप घेत राहिलं की आतलं अस्तर सुजतं आणि नसेला जागा उरत नाही. थंड खोलीत बोटं आखडतात, त्यामुळे मूठ आणखी आवळली जाते.

सुरी बोथट असेल तर जोर बराच जास्त लागतो. हाडाला घासून पात्याची कड वळते. दर काही तुकड्यांनी साधारण २० अंशांच्या कोनात, हलक्या हातानं, दोन्ही बाजूंनी तीन-चार वेळा पातं स्टीलवर, म्हणजे कड सरळ करायच्या पोलादी कांडीवर, फिरवा. पण स्टील कड फक्त सरळ करतं, झिजलेली धार परत आणत नाही. म्हणून पाळीच्या मध्यावर ताजी धार लावलेली दुसरी सुरी मिळालीच पाहिजे, ती हक्कानं मागा. कामाची अदलाबदलही मागा. मात्र तंगडीवरून छातीच्या मांसावर पाठवणं म्हणजे बदल नव्हे. तेच मनगट, तीच सुरी.

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा आणि डॉक्टरांना लवकर दाखवा. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होईपर्यंत थांबलात, तर गेलेली ताकद पुरती परत येईलच असं नाही. पगारातून ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे) पैसे कापत असतील, तर कंत्राटी असलात तरी उपचार त्या योजनेच्या दवाखान्यात मिळतात. केसपेपरवर ‘थंड खोलीत सुरीनं हाडं काढण्याचं काम, रोज इतके तास’ असं लिहून घ्या. नुसतं ‘हात दुखतो’ लिहिलं, तर कामाशी संबंध दाखवणं पुढे जड जातं.

प्रश्न : बँडसॉवर (हाडं-मांस कापायच्या फिरत्या पट्ट्याच्या करवतीवर) काम करताना जाळीचा स्टील हातमोजा घालावा का?

उत्तर : मुळीच नको. जाळी दात्यांत अडकली की करवत हातच आत ओढते. तो मोजा सुरीच्या कामासाठी, सुरी नसलेल्या हातात. बँडसॉवर गार्ड मांसाच्या उंचीपर्यंत खाली आणा, शेवटचा तुकडा बोटांनी नव्हे, पुशरनं ढकला. धुण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.