डेंटिस्ट व्हायचंय? मग आधी हात बघ

बीडीएसला, म्हणजे डेंटिस्टच्या पदवीला, प्रवेश नीटवरच, हे तुला ठाऊक आहेच. कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीत, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं वर टाक. फीचा फरक फार मोठा आहे. नाशिकमध्येच राहायचं तर पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे. आणि कॅपमधून कॉलेज कुठलंही मिळो, परीक्षा म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचीच! चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, मग राज्य दंत परिषदेची नोंदणी.

खरा कस पहिल्या वर्षी लागतो. मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची, तीही खाचाखोचांसकट. तिथे कंटाळलीस तर पुढे जड जाईल, कारण रूट कॅनॉल म्हणजे पाठ अवघडेस्तोवर हेच बारीक काम. इंटर्नशिपमध्ये ओपीडी चुकवू नकोस. मिश्री-तंबाखूवाले पेशंट येतात, त्यांचं तोंड उघडेनासं झालं असेल तर नुसता दात बघून सोडायचं नाही.

पास झाल्या झाल्या नाशिकच्या कॉलेज रोडला गाळा घेऊ नकोस गं. भाडं, खुर्ची, कम्प्रेसर, अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह... कर्जाचे हप्तेच फेडत बसशील. आधी कुणा सीनियरकडे काम कर. माझं विचारशील तर स्वतःच्या दवाखान्यासाठी पिंपळगाव किंवा सिन्नरकडे बघ. एमडीएस, म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, आणखी तीन वर्षांचं, ते नंतर ठरव.