केळीचे भाव पेजवर आपोआप टाकायचेत?

भाऊ, रावेरच्या केळीचे रोजचे भाव साइटवरून फेसबुक पेजवर टाकायचे, तर आधी टोकनचं, म्हणजे साइटला पेजवर टाकायची परवानगी देणाऱ्या फेसबुकच्या डिजिटल चावीचं, गणित समजून घे. लॉगिननंतर मिळणारं टोकन तास-दोन तासच चालतं. ते सर्व्हरवरून बदलून 60 दिवसांचं घे आणि त्यावरून पेजचं टोकन काढ. त्याला ठरलेली मुदत नसते. तरी ज्याच्या लॉगिनवर काढलं त्याने पासवर्ड बदलला, की तेही मेलं. 190 नंबरची एरर दिसेल. पुन्हा लॉगिन, दुसरा इलाज नाही. रिडायरेक्टचा पत्ता, म्हणजे लॉगिननंतर फेसबुक जिथे परत पाठवतं तो, फेसबुकवर नोंदवलेल्या तुझ्या ॲपच्या सेटिंगमधल्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर जुळव, शेवटच्या एका स्लॅशवरही गाडी अडते. ॲप सीक्रेट, म्हणजे त्या ॲपचा गुप्त पासवर्ड, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये? मुळीच नको, कुणीही उचलेल. आणि पोस्ट तुला दिसते पण शेतकऱ्यांना दिसत नाही, तर ॲप अजून डेव्हलपमेंट मोडमध्येच, म्हणजे चाचणीच्या अवस्थेतच, आहे.