चेंडू शून्य, सामना एक

प्रश्न : लॅरी याउंट या अमेरिकन बेसबॉल पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, एकाही बॅटरला चेंडू टाकला नाही, तरी त्याच्या नावावर एक सामना आहे असं वाचलं. हे कसं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : १५ सप्टेंबर १९७१. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ॲस्ट्रोज विरुद्ध अटलांटा ब्रेव्ह्ज. नवव्या इनिंगला ॲस्ट्रोजच्या २१ वर्षांच्या याउंटला बुलपेनमधून (बदली पिचर हात गरम करतात त्या जागेतून) बोलावलं. आधीचा आठवडा तो लष्कराच्या राखीव दलाच्या कामावर होता, त्यामुळे हाताला सराव नव्हता. बुलपेनमध्येच कोपर दुखू लागलं. माउंडवर (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर) गेल्यावर हात मोकळा होईल असं त्याला वाटलं. तिथे सरावाचे काही चेंडू टाकले, पण दुखणं वाढलंच. मग तो परत गेला आणि त्याच्या जागी जिम रे हा पिचर आला.

क्रिकेटमध्ये अकरांत नाव लागलं की चेंडू न टाकताही सामना खात्यावर पडतो. बेसबॉलमध्ये बाकावरच्याची नोंद होत नाही. बदली खेळाडूचं नाव अंपायरला कळवून जाहीर झालं, की त्या क्षणापासून तो सामन्यात आला. सरावाचे चेंडू मात्र कुठेच मोजत नाहीत. म्हणून सामना १, इनिंग ०, बॅटर ०. ईआरएचा (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांच्या सरासरीचा) रकाना तर रिकामाच राहतो. क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या सोडून त्याच्या नावे गेलेल्या धावा गुणिले ९, भागिले टाकलेल्या इनिंग, असं ते गणित आहे. इथे वरही शून्य, खालीही शून्य. (धावा दिल्या पण एकही बाद केला नाही, तर तिथे अनंताचं चिन्ह लागतं.)

त्याने थांबणं योग्यच होतं. आठवडाभर थंड राहिलेला हात, कोपरात दुखणं, आणि त्यावर पूर्ण जोर लावणं म्हणजे स्नायुबंध तुटण्याला आमंत्रण. वाईट इतकंच वाटतं, की मेजर लीगचं दार त्याला पुन्हा उघडलं नाही. पुढची काही वर्षं तो खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्येच खेळला. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन मिलवॉकी ब्रूअर्सकडून २,८५६ सामने खेळला, ३,१४२ हिट्स (बेस गाठून देणारे फटके) मारले आणि १९९९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला.

प्रश्न : आलेल्या पिचरला असं लगेच परत जाता येतं का? (तोच वाचक)

उत्तर : एरवी नाही. त्या काळी बदली पिचरला किमान एक बॅटर निकालात काढावा लागे: तो बाद तरी व्हावा, बेसवर तरी पोचावा, नाहीतर डाव तरी संपावा. २०२० पासून हा आकडा तीन बॅटरचा झाला आहे. तीन बॅटर होण्याआधीच ती अर्धी इनिंग (एका संघाचा डाव) संपली तर सुटका. दुखापतीला तेव्हाही सूट होती, आजही आहे, पण पिचर खरोखर टाकू शकत नाही हे अंपायरला पटावं लागतं. अशा वेळी घाईने आलेल्या नव्या पिचरला सरावाच्या चेंडूंवरचं नेहमीचं बंधन नसतं. हात गरम व्हायला लागतील तितके अंपायर देतो. न तापलेल्या हाताने टाकून दुसराही जायबंदी होऊ नये, यासाठी ही सवलत.