पेशंटचं पुढे काय झालं?

धंतोली, नागपूर

चि. डॉक्टरबाई हिस अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तू आलीस, तर्री-पोह्याची प्लेट तशीच बाजूला सारलीस आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरलास. यकृताच्या कर्करोगाच्या एका नामवंत सर्जनचं प्रोफाईल होतं त्यावर. सायटेशन्स, म्हणजे इतरांनी त्याच्या पेपरांचे दिलेले दाखले, हजारोंनी, एच-इंडेक्स माझ्या वयापेक्षा मोठा. "सर, इथे बसून असा इम्पॅक्ट कधी होणार? कोणता टॉपिक घेऊ सांगा ना." मी खेकसलो. राग अर्धाअधिक माझा माझ्यावरच होता, पण समोर तू होतीस, म्हणून तुला बोलणी बसली. त्याची भरपाई हे पत्र.

मेहनत कर वगैरे तुला सांगत नाही. रात्री दोन वाजता पेशंटच्या पोटातून काढलेल्या नळीत, ड्रेनमध्ये, पित्त येतंय का ते बघायला जी पोरगी आपणहून वॉर्डात जाते, तिला ते काय सांगायचं!

तो एच-इंडेक्सचा आकडा मात्र एकदा उलगडून बघ. 2005 साली हर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. तुझे 40 पेपर प्रत्येकी किमान 40 वेळा उद्धृत झाले, की तुझा एच-इंडेक्स 40. वाचून उद्धृत केलं की दुसऱ्याच्या यादीतून उचललं, हे त्यात कळत नाही. आणि त्या पेपरातल्या पेशंटचं पुढे काय झालं, ते तर नाहीच नाही. माझा एच-इंडेक्स चार आहे. हस बिनधास्त.

आता माझी गोष्ट. चाळिशीत असताना मी एका परिषदेत आमच्या यकृताच्या केसेस मांडल्या. स्लाईडवर जिवंत पेशंटचा आलेख खाली न घसरता छान आडवा चालला होता, टाळ्याही पडल्या. मागच्या रांगेतून एका वयस्कर बाईंनी विचारलं, "लॉस्ट टू फॉलोअप किती?" म्हणजे यायचे बंद झालेले, ज्यांचा पुढे पत्ताच नाही असे पेशंट. मी म्हणालो, "थोडे आहेत." थोडे नव्हते, जवळपास निम्मे होते. नागपूरला परतल्यावर जुन्या केसपेपरांवरचे नंबर काढून फोन लावत बसलो. आरमोरीकडचा एक धानवाला शेतकरी होता, यकृताचा उजवा भाग काढलेला, माझ्या स्लाईडवर 'तीन वर्षं रोगमुक्त'. नंबर गावातल्या किराणा दुकानाचा निघाला. दुकानदाराने त्याच्या बायकोला बोलावून आणलं. ती म्हणाली, "ते तं तान्ह्या पोळ्याले गेले जी. दोन पोळे झाले." आणि मग मलाच विचारलं, "तुमी बरे आहा ना, साहेब?"

फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ती स्लाईड बघत बसलो. खोटा आकडा मी लिहिला नव्हता. फक्त पुढे काय झालं ते विचारलं नव्हतं.

हे नीट समजून घे, कारण तुझ्या थिसिसमध्येही हेच चाललंय. किती पेशंट किती काळ जगले त्याचा आलेख काढायच्या कॅपलान-मायर पद्धतीत जो पेशंट यायचा बंद होतो, त्याला आपण शेवटच्या भेटीपर्यंत धरतो आणि गणितातून बाजूला काढतो. गृहीत काय, तर न येणाऱ्यांचं भवितव्य येणाऱ्यांसारखंच असणार. पण यकृताचा कर्करोग काढल्यावरही पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांत परत उलटतो. पोटात पाणी भरलेला माणूस एसटीने दीडशे किलोमीटर येईल की अंगणात खाट टाकून पडून राहील? जो येत नाही तोच बहुतेक वेळा गेलेला असतो. म्हणजे आपण जितके बेफिकीर, तितका आपला आलेख देखणा. हे तुला कोणी गाईड सांगणार नाही, कारण त्याचाही आलेख तसाच आहे.

मोठी कामं बघ ना. मिलानचे सर्जन माझाफेरो यांचा यकृताच्या कर्करोगावरचा 1996 चा पेपर. रुग्ण किती? 48. एकच गाठ 5 सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक 3 सेंटीमीटरच्या आत, अशांचं प्रत्यारोपण केलं आणि चार वर्षांनी 75 टक्के जिवंत असल्याचा हिशेब मांडला. आज जगभर या कर्करोगाच्या पेशंटपैकी कोणाला यकृत द्यायचं हे ठरवताना तो निकष समोर असतो. झुरिकच्या क्लाव्हियन-दिंदो या सर्जन मंडळींनी 2004 साली काय केलं? ऑपरेशननंतर पेशंटचं काय बिघडलं आणि त्यासाठी काय करावं लागलं, त्याची प्रतवारी. नुसती गोळी-सलाईन लागली, परत टेबलावर घ्यावं लागलं, की माणूस गेला. सर्जन ज्याबद्दल कुजबुजत बोलतात तेच त्यांनी कोष्टकात मांडलं. सर्जरीत सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या पेपरांत तो आहे. आणि व्हिएतनाममधल्या हनोईचे सर्जन तोन थात तुंग? 1930 च्या दशकात शवागारात जंतांनी भरलेली यकृतं उघडता उघडता त्यांनी दोनशेवर यकृतांच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा शोधल्या. टॉपिक विचारायला ते कोणाकडे गेले नव्हते, समोर जे पडलं होतं ते त्यांनी उघडलं.

तू म्हणशील, सर, मग तुम्ही का नाही लिहिलंत? ओपीडी संपायला चार वाजायचे. रक्ताच्या पिशव्यांसाठी मीच धावायचो. आम्ही लिहीत बसलो असतो तर पोटं कोणी उघडली असती? हे सगळं खरं आहे बाई, त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. पण शनिवारी दुपारी दोन तास फोन करायला मला कोणी अडवलं नव्हतं.

तेव्हापासून शनिवारची दुपार फोनची. लांब, लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आहे, दुकानदार उधारीला वापरतात तसलं. नाव, गाव, किती सेंटीमीटरची गाठ, किती यकृत काढलं, आणि नंबर दोन: एक घरचा, एक शेजाऱ्याचा. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवलाय, पुढे काय झालं त्याचा. मुलगा म्हणतो एक्सेलमध्ये टाका. टाका बापा, पण फोन एक्सेल करत नाही.

त्या रकान्यात काय काय सापडतं! गडचिरोली-भंडाऱ्याकडचे लोक नोव्हेंबरातल्या सीटीला येत नाहीत, कारण तेव्हा धान कापणीला आलेलं असतं. आम्ही वर्षानुवर्षं त्याला 'पेशंटची बेपर्वाई' म्हणत होतो. तारीख पुढे-मागे केली तर किती जण येतील? परत उलटलेली गाठ किती लहान असताना सापडेल? हा घे टॉपिक. मेटा-अ‍ॅनालिसिसचा तो तिसऱ्या हाताचा उद्योग, दुसऱ्यांच्या छापील अभ्यासांची बेरीज, सोड. परक्यांचे पेशंट मोजून तुला काय कळणार आहे, आपल्याच वॉर्डातून घरी गेलेल्यांचा पत्ता नसताना?

पुन्हा आवाज चढला बघ.

प्रमोशनला पेपर लागतात, मला माहीत आहे. लिही, भरपूर लिही, तुझा आकडा माझ्या चारपेक्षा मोठा होवो. पण पाठवण्याआधी प्रत्येक ओळीतल्या माणसाला फोन झालेला असू दे.

या शनिवारी तीनला ये. तुझ्या थिसिसमधल्या 'लॉस्ट' लिहिलेल्या केसपेपरांचा गठ्ठा घेऊन ये. लँडलाईन मी घेतो, मोबाईल तू घे. पहिला फोन तू लावायचास. समोरून रडणं आलं तर फोन माझ्याकडे द्यायचा नाही.

तुझा,
सर