‘त्यांना काय कळणार?’ : विशेष मुलं, एचआयव्ही आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात विशेष मुलांच्या वयात येण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत एचआयव्हीबद्दलचे प्रश्न बरेच निघाले. शिक्षक आहेत, आया आहेत, आणि एक पत्र तर स्वतः एका अंध मुलाचं आहे. काही निवडून उत्तरं देतेय. नावं आणि गावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका विशेष शाळेत शिकवते. मुलं बौद्धिक दिव्यांग, वय १५ ते १८. दर १ डिसेंबरला आमची प्रभातफेरी असते, लाल रिबिनी लावतो, घोषणा देतो. यंदा एकाला विचारलं एड्स म्हणजे काय रे, तर म्हणाला, “फेरी.” आता मुख्याध्यापक म्हणतात नीट शिकवा. पण ‘विषाणू’, ‘प्रतिकारशक्ती’ हे ह्यांना कसं समजावू? आणि पालक भांडायला आले तर?

त्या मुलाचं काही चुकलेलं नाही बाई, त्याला जे दाखवलं तेच त्याने सांगितलं. विषाणूपासून सुरुवातच करू नका. जे डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही ते ह्या मुलांना पकडता येत नाही, आणि शाळेत वर्षानुवर्षं आपण भाजी, नाणी, बसचा नंबर सगळं हातात देऊन शिकवतो, मग हाच विषय फळ्यावर लिहून का शिकवायचा?

आधी शरीर. मोठा कागद जमिनीवर पसरा, एकाला त्यावर झोपवून खडूने आउटलाइन काढा आणि अवयवांची नावं सगळी घ्या, लिंग, योनी, स्तन, गुदद्वार पण. घरात ‘शूची जागा’ म्हणतात ते ठीक आहे, पण उद्या पोलिसांना किंवा डॉक्टरांना सांगायची वेळ आली तर मुलाकडे शब्द हवा ना. मग कुठले भाग झाकलेले, कपडे कुठे बदलायचे, कडी कुठे लावायची. मग फरशीवर खडूने एकात एक वर्तुळं काढा, आतल्या वर्तुळात तो स्वतः, पुढच्यात आई-बाबा, मग मावशी-काका, मग शाळेतल्या बाई, मग दुकानदार, अनोळखी माणूस. फोटो ठेवायला लावा. रिक्षावाले काका कुठे बसतात ह्यावर वर्गात हमखास वाद होतो आणि तो वाद होऊच द्या, कारण मिठी कुणाला, हात मिळवायचा कुणाशी, नुसता नमस्कार कुणाला हे मूल तिथेच शिकतं.

आणि आता जे सांगतेय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विशेष शाळेत आपण मुलांना ‘ऐकायला’ शिकवतो. बस म्हटलं की बस, हात दे म्हटलं की हात दे. मोठ्या माणसाचं सगळं ऐकणारं मूल आपल्याला शहाणं वाटतं आणि त्रास देणाऱ्याला नेमकं तेच मूल सोपं जातं. म्हणून ‘नाही’ म्हणायची प्रॅक्टिस रोज हवी. डब्याच्या वेळी त्याने दुसरी पोळी नको म्हटलं तर जबरदस्तीने वाढू नका. पाहुण्यांच्या पाया पडायचं नसेल, गालाला हात लावून घ्यायचा नसेल तर चालवून घ्या. ज्याचं ‘नको’ पोळीच्या बाबतीत कुणी ऐकत नाही तो अंगाला हात लागल्यावर नको म्हणेल अशी आशा आपण कशी ठेवायची? बोलता न येणाऱ्या मुलांसाठी ‘नको’ आणि ‘मला सांगायचंय’ अशी दोन चित्रकार्डं गळ्यातल्या आयकार्डला लावून टाका.

हे सगळं पक्कं झालं की एचआयव्हीचं काम तीन-चार वाक्यांत होतं. काही आजार रक्तातून आणि सेक्समधून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. माणसाकडे बघून ते कळत नाहीत. कुणाचंही रक्त दिसलं तर हात लावायचा नाही, बाईंना बोलवायचं. मोठ्या मुलांना, वर्कशॉपमध्ये कामाला जाणाऱ्यांना, पुढचं वाक्य पण सांगायचं की निरोध वापरला तर धोका खूप कमी होतो. कवटी, राक्षस, हाडाचा सापळा असली पोस्टर्स मात्र काढून टाका, ती बघून मूल शिकतं की धडधाकट दिसणाऱ्या माणसाला हा आजार नसतोच. निरोध दाखवताना केळं पण नको. ही मुलं शब्दशः घेतात, केळ्यावर चढवलेला निरोध त्यांच्या दृष्टीने केळ्यासाठीच असतो. शरीराच्या त्या भागाचं मॉडेल मिळतं, सरकारी हॉस्पिटलमधल्या आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्राच्या, काउन्सेलरला विचारा, बहुतेक वेळा ते स्वतः येऊन सेशन घ्यायला तयार असतात. फक्त त्यांना आधी सांगा की हळू बोला, एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. करून दाखवायला सांगा. आणि तेच कार्ड, तेच शब्द, दर आठवड्याला, वर्षभर.

स्वमग्न मुलं असतील तर एक जपा. ‘रक्ताला हात लावायचा नाही’ हा नियम ती इतका घट्ट धरतात की स्वतःच्या पाळीचा पॅड बदलायला पण घाबरतात. त्यांना ‘दुसऱ्याचं रक्त’ आणि ‘माझं रक्त’ अशी वेगळी चित्रगोष्ट करून द्या.

पालकांना सेशननंतर नाही, आधी बोलवा आणि तुम्ही वापरणार ती कार्डं त्यांच्या हातात द्या. २००७ मध्ये आपल्या राज्यात लैंगिक शिक्षणावरून केवढा गदारोळ झाला आणि शाळांमधला तो कार्यक्रम बंद पडला हे लोकांच्या डोक्यात अजून आहे. पण दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये कलम २५ खाली दिव्यांगांच्या, विशेषतः दिव्यांग स्त्रियांच्या, लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख आहे, ते कलम छापून जवळ ठेवा. मला मात्र वाटतं की बहुतेक आया विरोध करणारच नाहीत, त्यांना ह्यावर कुणाशी तरी बोलायचंच असतं.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची, बौद्धिक अपंगत्व आहे, थोडंच बोलते. पाळीत फार हाल होतात, तिचे आणि माझेही. नणंद म्हणते गर्भाशय काढून टाका, म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं तरी दिवस जायची भीती नाही आणि एड्सची पण नाही. खरं आहे का?

नाही ताई, अजिबात खरं नाही. गर्भाशय काढल्याने पाळी थांबते आणि गर्भ राहत नाही, बस. एचआयव्ही योनीच्या किंवा गुदद्वाराच्या आतल्या नाजूक त्वचेतून, जखमेतून, रक्तातून शरीरात जातो, गर्भाशय असलं काय नसलं काय त्याला फरक पडत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अपंग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये काढली गेली तेव्हा महिला संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. पाळीची स्वच्छता राखता येत नाही हेच कारण तेव्हा दिलं होतं. तेव्हा जो धोका सांगितला गेला तो आजही तसाच आहे : ऑपरेशनने अत्याचार थांबत नाही, तो झाल्याची खूण तेवढी राहत नाही. जवळच्या ज्या माणसाला हे ऑपरेशन झाल्याचं माहीत आहे त्याला उलट रान मोकळं मिळतं, आणि अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो.

पाळीचे हाल खरे आहेत, ते मी हलकं करत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगा की रक्तस्राव आणि दुखणं कमी करायला काय औषधं देता येतील, पर्याय असतात. आणि पॅड शिकवता येतो. पॅडवर लाल रंग टाकून, निकरवर पॅडच्या आकाराची रेघ शिवून, बाथरूममध्ये क्रमाने चार फोटो चिकटवून, पाळी नसतानाच्या दिवसांत सराव घ्या. वेळ लागतो, पण जमतं. आणि जिला स्वतःचा पॅड बदलता येतो तिच्या अंगाला दुसऱ्या कुणाला हात लावायचं कारणच उरत नाही, ही मोठी सुरक्षा आहे.

देव न करो, पण कधी संशय आलाच, म्हणजे अचानक आंघोळीला घाबरणं, कपड्यांवर डाग, एखाद्या माणसाला बघून ओरडणं, लघवीला जळजळ, तर तिला आंघोळ न घालता, कपडे न धुता थेट हॉस्पिटलला न्या. सरकारी असो की खाजगी, अत्याचार झालेल्या व्यक्तीवर मोफत उपचार करणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे, आधी पोलीस तक्रार करा असं ते म्हणू शकत नाहीत. एचआयव्ही टाळायची औषधं असतात, त्यांना पेप म्हणतात. ती जितक्या लवकर तितकं बरं, पण ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यायची असतात. हे ७२ तास लक्षात ठेवा, कारण घरातल्या घरात ‘बघू, कुणाला सांगायचं नाही’ ह्यातच ते निघून जातात. मुलगी १८ च्या आत आहे म्हणजे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेल्या अत्याचाराला त्यात जास्त कडक शिक्षा आहे, आणि जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत मागता येते.

प्रश्न : घरात येणाऱ्या मासिकात असले विषय कशाला? ही मुलं निरागस असतात, त्यांच्या डोक्यात का भरवायचं?

काका, तुमचा राग समजतो. पण ही भीती जुनी आहे. र. धों. कर्वे त्यांच्या मासिकातून वाचकांच्या लैंगिक आरोग्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे म्हणून त्यांच्यावर खटले झाले, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आणि निरागस असल्याने कुणी सुरक्षित राहत नाही. २००४ मध्ये येल विद्यापीठ आणि जागतिक बँकेचं जगभरातलं सर्वेक्षण आलं, त्यात दिसलं की दिव्यांगांना एचआयव्हीचे सगळे धोके इतरांइतकेच किंवा जास्तच असतात, आणि तरीही त्यांना ह्यातलं काही लागू नाही असं समजून प्रचारातून वगळलं जातं. आपण बोललो नाही तरी मोबाईल बोलतोच, आणि तो काय शिकवतो ते तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न : कर्णबधिर मुलांच्या हॉस्टेलवर मी अधीक्षक आहे. मोठी मुलं रात्री मोबाईलवर नको ते बघतात. एचआयव्हीचं व्याख्यान ठेवलं, पाहुण्यांनी तासभर भाषण दिलं, आमच्या शिक्षकांनी जमेल तसं खुणांनी सांगितलं. मुलं शांत बसली होती. पोचलं असेल का?

सर, स्पष्ट सांगते, फारसं नाही पोचलं. लिहिलेलं मराठी वाचून समजेल असं आपण धरून चालतो, पण ज्याने भाषा कधी ऐकलीच नाही त्याला ‘संक्रमण’ आणि ‘असुरक्षित संबंध’ हे शब्द पाठ्यपुस्तकातल्या नोंदीसारखेच कोरडे राहतात. शिक्षक लाजून खुणा अर्ध्या करतात, आणि मुलांच्या आपापसात मात्र ह्या सगळ्यासाठी रोखठोक खुणा असतात. त्या तुम्हाला माहीत करून घ्याव्या लागतील. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओ स्वरूपात आहे, तो शिक्षकांना आधी बघायला लावा. पण खरा उपाय म्हणजे कर्णबधिर तरुण-तरुणींनाच शिकवायला बोलवा. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, दहा-बाराचा गट, आणि प्रश्न विचारायला भरपूर वेळ. एक कर्णबधिर दादा समोर उभा राहून सांगतो तेव्हा मुलांचे हात थांबत नाहीत, एवढे प्रश्न निघतात.

दुसरं असं की १०९७ ही एड्सची टोल-फ्री हेल्पलाइन आपण पोस्टरवर छापतो, पण ऐकू न येणाऱ्याने तिथे फोन कसा करायचा? म्हणून मुलांना आयसीटीसी एकदा प्रत्यक्ष दाखवून आणा, कुठल्या दारातून जायचं, कुठे बसायचं, काउन्सेलर कोण. दुभाषा लागला तर तो घरचा किंवा हॉस्टेलचा माणूस नको, रिपोर्ट गुप्त ठेवायचा मुलाचा हक्क तिथेच संपतो. मोबाईल काढून घेऊन काही होणार नाही. जे बघतात त्यात निरोध नसतो, संमती विचारलेली नसते, हे त्यांच्याशी बोला.

प्रश्न : मुलाच्या वर्गात एक एचआयव्ही असलेला मुलगा आहे असं कळलं. तो चिडला की चावतो. मुलाला शाळेतून काढू का?

काढू नका. सोबत खेळणं, डबा खाणं, एकच बाथरूम, थुंकी, घाम, डास, ह्यातल्या कशानेही एचआयव्ही होत नाही. चावण्याने रक्त आलं नसेल तर धोका नाहीच, आणि आलं तरी तो फारच कमी असतो, जखम साबणाने धुवून डॉक्टरांना दाखवायची, कुणीही चावलं तरी हेच करायचं. शाळेत प्रत्येकाच्या रक्ताला ग्लोव्ह्ज वापरले की कुणाला काय आहे हे माहीत असायची गरजच पडत नाही. आणि हे तुम्हाला कसं कळलं हा मला जास्त काळजीचा प्रश्न वाटतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करणं आणि त्यावरून शाळेत भेदभाव करणं दोन्हीला त्यात बंदी आहे. ही गोष्ट तुम्ही पुढे कुणाला सांगू नका. तो का चिडतो ह्यावर शिक्षकांनी काम करायला हवं, ते मात्र जरूर सांगा.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, पूर्ण अंध, पुण्यात कॉलेजला आहे. शाळेत ह्या विषयावर सर म्हणाले, चित्रात बघा. कुणाला विचारायची लाज वाटते. निरोध कसा वापरायचा आणि एक्स्पायरी कशी बघायची?

विचारलंस ते फार बरं केलंस, आणि ह्यात लाजण्यासारखं काही नाही. तुझ्यासाठी हाताने शिकणंच खरं शिकणं आहे, म्हणून आधी दोन-तीन पाकिटं घेऊन एकटा असताना सराव कर. पाकीट चिमटीत दाबून बघ, आत हवेचा फुगवटा लागला पाहिजे, चपटं किंवा चिकट लागलं तर टाकून दे. निरोध बोटाने एका बाजूला सरकव आणि मग दाते असलेल्या कडेने फाड, दात किंवा कात्री लावू नको. निरोधाच्या टोकाला छोटी टोपी असते, ती चिमटीत धरून हवा काढायची आणि कडा खाली उलगडायची. कडा उलगडत नसेल तर तो उलटा आहे, तोच सुलटा करून वापरू नको, नवीन घे. तेल, व्हॅसलिन लावायचं नाही, रबर फाटतं. नंतर तळाशी धरून काढायचा. प्रत्येक वेळी नवा.

एक्स्पायरी मेडिकलवाल्याला थेट विचार, विकत घेणाऱ्याचा तो हक्क आहे. फोनचं वाचून दाखवणारं ॲप खोक्यावरचं वाचतं, पण आतल्या चकचकीत पाकिटावर बऱ्याचदा फसतं, म्हणून पाकिटं खोक्यातच ठेव आणि खोक्यावर ब्रेलमध्ये महिना-वर्ष चिकटवून ठेव. पाकिटमारीच्या भीतीने मागच्या खिशात वॉलेटमध्ये महिनोन्महिने ठेवू नको, उष्णतेने आणि दाबाने खराब होतात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. टेस्ट करायची असेल तर आयसीटीसीत ती मोफत आहे, तू १८ च्या पुढचा आहेस म्हणजे संमती तुझीच लागते, सोबत आलेल्या मित्राला बाहेर थांबायला सांगून रिपोर्ट तुला एकट्यालाच सांगा असं काउन्सेलरला बेधडक म्हण.