रॅकवर माल आणि शनिवारी येलो अलर्ट: कागद कधी सोडायचा

ताई, बेदाण्यासाठी वाळत घातलेला नऊ दिवसांचा द्राक्षाचा माल रॅकवर, शनिवारी सांगली जिल्ह्याला येलो अलर्ट, मोबाईलवर मात्र कवठेमहांकाळला पावसाची शक्यता ३० टक्के दाखवतंय, आणि सासरे म्हणतायत आत्ताच रॅकच्या बाजूचा प्लास्टिकचा कागद खाली सोडला तर माल घामेजून काळा पडंल. तुमच्या पोस्टमधलं एकेक वाक्य माझ्या ओळखीचं आहे. सहा-सात वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटी मी नेमका इथंच अडकलो होतो, म्हणून जरा लांब लिहितोय. आधीच सांगतो, मी हवामानातला माणूस नाही, बाग तासगावकडं आणि शेड नागजच्या बाजूला असलेला शेतकरी आहे, त्यामुळं शेवटी तुमचं शेड बघून तुम्हीच ठरवा.

सासऱ्यांचं चूक नाही. दोन-तीन दिवस सलग कागद पाडून ठेवला की वारं बंद, आत दमट होतंय आणि हिरवा-पिवळा रंग जातो, मग गंधकाची धुरी किती पण द्या परत येत नाही. पण म्हणून कागद गुंडाळून वर बांधून ठेवायचा आणि वाट बघायची, हे मी केलंय. ते करू नका.

माझं झालं ते असं. शेतकऱ्यांना मोबाईलवर हवामानाचा मेसेज येतो म्हणून मी एका कार्यालयात नंबर नोंदवला होता. मेसेज येईना म्हणून परत गेलो, तिथल्या माणसानं वहीत बघितलं, "नोंद आहे, येतील" म्हणाला. मी धरून चाललो की आता काही असलं तर मेसेज येणारच. त्या दिवशी सकाळी उकाडा होता, बायको म्हणाली पण की आज काहीतरी येणार, गँगचा मुकादम विचारत होता कागद सोडू का. मी फोन बघितला, मेसेज नाही, म्हणून म्हटलं राहू दे, माल अजून दोन-तीन दिवसात वाळून जाळीवरनं झाडायला येतोय, वारं लागू दे. गँगला पण दुपारनं गावाकडं जायला सोडलं. संध्याकाळी साडेपाचला मी तासगावात होतो आणि शेडवरनं फोन आला. पोचेपर्यंत तास गेला. आडवा पाऊस दोन्ही बाजूनी आत शिरला होता, बाहेरच्या कप्प्यांतला सगळा माल भिजलेला, वरच्या जाळीवर गारा तशाच पडलेल्या. साडेतीन टनातला निम्म्यापेक्षा जास्त माल काळा पडला, चिकटला, आणि चांगल्या मालाच्या शेजारी त्याला जो भाव आला तो इथं लिहायची इच्छा नाही. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे किती बाग पाण्यात गेली याचा हिशोब तुम्हीच करा.

नंतर त्या कार्यालयात गेलो तर कळलं की माझा नंबर दुसऱ्याच तालुक्यात टाकलेला. आणि ऐकवलं काय, तर "अलर्ट जिल्ह्याला होता की, तुम्ही बघायला पाहिजे होता." दोनदा फेरी मारून, उन्हात उभं राहून, नंबर लिहून दिलेल्या माणसाला हे ऐकवायचं? नोंद चुकली एवढं तरी मान्य करायचं होतं. कुणी केलं नाही. अजून राग जात नाही माझा.

पण कार्यालयाची चूक वेगळी आणि माझी वेगळी. मेसेज आला नाही याचा अर्थ मी 'धोका नाही' असा घेतला. मेसेज न येणं हा अंदाज नव्हे. अंदाज आपण स्वतः जाऊन वाचायचा, रोज, आणि सीझनच्या शेवटी तर दिवसातनं तीनदा.

आता वाचायचा कसा. हवामान खात्याच्या अंदाजात 'तुरळक ठिकाणी' लिहिलेलं असतं, ते वाचून आपण म्हणतो म्हणजे आपल्याकडं नाही. त्याचा अर्थ जिल्ह्यातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होईल एवढाच आहे. कुठली केंद्रं ते कुणीच सांगू शकत नाही, कारण वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटरचा असतो, तासाभरात उठून बरसून मोकळा होतो. मे २०२५ पासून खात्याचं नवीन मॉडेल ६ किलोमीटरच्या चौकटीचं आलंय, पूर्वी १२ ची होती, सुधारणा आहेच, पण तुमची वाडी आणि शेजारची वाडी त्यात अजून वेगळी निघत नाही. तुमच्या मोबाईलवरचं ३० टक्के पण तसंच. त्याचा अर्थ पाऊस थोडा पडेल असा होत नाही. आला तर पूर्ण येतो, गारांसकट.

आणि रंगांचं माझं मत थोडं टोकाचं आहे, कुणाला पटलं नाही तरी चालेल. येलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. हे रंग सगळ्या जनतेसाठी ठरवतात, रॅकवर उघडा माल असलेल्या माणसासाठी नाही. शहरातल्या माणसाचा अर्धा तासाच्या पावसात शर्ट भिजतो, आपलं वर्ष भिजतं. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासनं माल उतरेपर्यंत मी येलोला ऑरेंजच धरतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपिटीनं जे केलं ते बघितलेल्या कुणालाही हे जास्त वाटणार नाही.

आजच्या बुलेटिनचे शब्द नीट वाचा. नुसता 'हलका पाऊस' आहे का 'मेघगर्जनेसह, ताशी ४० ते ५० किमी वेगाचे वारे' आहे? वारं लिहिलेलं असेल तर पाऊस आडवा येणार, वरच्या छपरावर भरवसा ठेवू नका. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, म्हणजे शनिवारच्या आदल्या दिवशीचा तुम्हाला मिळेल, तो बघाच. पण शनिवारी दुपारी उपयोगाचा असतो तो नाऊकास्ट, म्हणजे खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज, आणि रडार.

रडारबद्दल एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. गोव्याचं रडार आपल्यापासनं साधारण दोनशे किलोमीटरवर आहे, पृथ्वीच्या गोलाईमुळं आपल्या डोक्यावर आलेला त्याचा किरण चारेक किलोमीटर उंचीवर असतो, म्हणजे खालचं काही त्याला दिसत नाही, पण वळवाचा ढग उंच असल्यानं तो दिसतो. लाल आणि त्याच्यापुढचा रंग दिसला, म्हणजे रंगपट्टीवर पन्नासच्या वरचे आकडे, की गारांची शंका धरायची. आणि चित्रावरची वेळ आपली नसते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. मी कितीतरी दिवस नऊ वाजताचं चित्र बघतोय असं समजून दुपारी अडीचचं बघत होतो. लागोपाठ तीन चित्रं बघा, डाग कुठं सरकतोय ते कळतं. आमच्याकडं वळीव बहुतेक वेळा पूर्वेकडनं येतो, पण बहुतेक म्हणजे नेहमी नाही.

रडार नसलं तरी आभाळ असतंच. सकाळी दव आणि चिकट उकाडा, बारा-एकला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग फुगायला लागले आणि तीनपर्यंत त्यातल्या एखाद्याचा माथा ऐरणीसारखा पसरला की समजा. त्यानंतर वारं एकदम पडतं, आणि मग गार झोत येतो. गार झोत आला की हातात दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी तेवढी पण नाही. शंभर फुटाच्या रॅकचा कागद तेवढ्यात दोन माणसांनी सोडून बांधून होत नाही, मी मोजून बघितलंय.

म्हणून शनिवारसाठी माझं ऐकाल तर शुक्रवारीच कागदाच्या दोऱ्या, हुक तपासून ठेवा, फाटलेलं चिकटवा. सकाळी उघडंच ठेवा, ऊन-वारं लागू दे. दुपारी दोनपर्यंत ढग फुगलेले दिसले किंवा नाऊकास्ट आला तर पूर्वेची बाजू आधी सोडा, बाकीच्या अर्ध्यावर आणून ठेवा, म्हणजे शेवटचं काम पाच मिनिटांचं राहील. रात्री बंद, रविवारी ऊन आलं की सगळं वर. एवढ्या वेळात नऊ दिवसांचा माल घामेजून खराब होत नाही, निदान माझा झालेला नाही. सासऱ्यांना हे सांगून बघा, त्यांची भीती बरोबर आहे पण ती दोन-तीन दिवस सलग बंद ठेवण्याची आहे. नवीन डिपिंग, म्हणजे द्राक्षं द्रावणात बुडवून रॅकवर टाकणं, मात्र आज-उद्या अजिबात नको, ओला ताजा माल सगळ्यात आधी जातो. गँगला शनिवारी सुट्टी देऊ नका, जास्त हजेरी मागितली तर द्या.

विजा चालू झाल्या की कुणालाही लोखंडी रॅकवर चढवू नका, माल गेला तर गेला. दामिनी ॲप घालून ठेवा, २० आणि ४० किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं.

विम्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो, माझ्या फळपीक विम्यात रॅकवरचा माल धरलेला नव्हता, वेलीवरचाच होता. तुमची काही बाग अजून काढायची असेल आणि गारपिटीचा जादा हप्ता भरलेला असेल तर नुकसान ७२ तासांच्या आत कळवा, फोटो काढून. तलाठी येऊन पंचनामा करून गेले म्हणजे विम्याला कळलं असं होत नाही. तुमच्या पॉलिसीचा कागद एकदा वाचून घ्या, दरवर्षी अटी बदलतात.

शेड पूर्व-पश्चिम आहे का उत्तर-दक्षिण, आणि किती फुटी, ते लिहा. पूर्वेनंतर कुठली बाजू सोडायची ते त्यावर ठरतं. शनिवारी दुपारी मी पण शेडवरच आहे, रडारचं चित्र बघून इथं टाकत राहीन.